अप्पांची पाहणी

काही माणसं कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी वर बघतात. यजमान दारात "या, या" करत असतात, आतून कपबशांचा आवाज येत असतो, आणि यांची नजर छताच्या कोपऱ्यात. तिथे एखादा पिवळट डाग सापडला की चेहऱ्यावर तृप्ती पसरते. "गेल्या पावसातला का?" एवढं विचारून मग खुर्चीत टेकतात. चहा येईपर्यंत खिडकीखालच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून गिलावा पोकळ आहे का ते बघून झालेलं असतं, आणि चहा संपेपर्यंत यजमानांची रात्रीची झोप गेलेली असते. ही माणसं बांधकाम खात्यातलीच असतात असं नाही. संस्कृतच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी आमच्या वास्तुशांतीला येऊन बाथरूमचा उतार उलटा असल्याचं जाहीर केलं होतं. पण खात्यातली माणसं या जातीत श्रेष्ठ, आणि आमचे सासरे अप्पा तर मूळ पुरुषच.

अप्पा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरी जवळजवळ सगळी रत्नागिरी जिल्ह्यात, घर चिपळूणला. पाणी वरून येतं, खालून येतं, आडवं येतं आणि कंत्राटदाराला सामील होऊन येतं, असे त्यांनी पाण्याचे चार प्रकार केलेले आहेत. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा सासूबाई खालच्या खोलीतले देव, धान्य आणि गॅसचं पुस्तक वर नेत होत्या आणि अप्पा जिन्याच्या भिंतीवर दर अर्ध्या तासाने पाण्याच्या पातळीची रेघ मारून शेजारी वेळ लिहीत होते. ती भिंत त्यांनी अजून कुणाला रंगवू दिलेली नाही.

मी सुराबायाला असतो, शहराबाहेरच्या एका सूतगिरणीत. अप्पा आणि सासूबाई लेकीकडे यायचं ठरलं तेव्हा मी बाली, बोरोबुदूर, धुमसणारा ब्रोमो अशी यादी करून ठेवली होती. फोनवर अप्पांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "जावईबापू, तुमचं गाव नदीकाठी ना? समुद्र किती लांब?"

"गावाला लागूनच आहे, अप्पा."

"मग भरतीला नदीचं पाणी अडत असणार. आधी ते बघू. ज्वालामुखी काय, कुठे जात नाही."

विमानतळावर कस्टमच्या माणसाने त्यांच्या बॅगेतून पितळी ओळंबा बाहेर काढला. हे कसलं हत्यार, असा त्याचा चेहरा. अप्पांनी त्याच्या हातातून दोरी घेतली, ओळंबा काउंटरच्या कडेला सोडला, हेलकावे थांबेपर्यंत सगळ्यांना थांबवलं आणि मान डोलावून म्हणाले, "सरळ आहे. त्याला सांगा, काम चांगलं झालंय." आपला काउंटर सरळ आहे हे कळल्यावर त्या माणसाने पुढे काही विचारलं नाही.

सुराबाया ही पूर्व जावाची राजधानी. ब्रांतास नदी डोंगरातून निघते, ज्वालामुखींच्या एका घोळक्याला मोठा वळसा घालते आणि मोजोकेर्तोजवळ फाटते. तिचा एक फाटा सुराबायाकडे येतो, वोनोक्रोमोला पुन्हा दुभंगतो, आणि त्यातली काली मास ही लहानशी नदी शहराच्या मधून वाहत उत्तरेला समुद्राकडे जाते. डचांच्या काळात आतल्या मुलखातली साखर, कॉफी, तंबाखू याच पाण्यावरून बंदराकडे जाई. म्हणून बँका, विमा कंपन्या आणि साखरेच्या पेढ्या सगळ्या काली मासच्या काठाला दाटीवाटीने उभ्या राहिल्या. पश्चिम काठाला गोरे, पूर्व काठाला चिनी, अरब आणि मलायी वस्ती, आणि दोघांच्या मध्ये जंबातान मेराह, म्हणजे लाल पूल. पूल अजून लाल आहे. 2024 साली महापालिकेने पश्चिम काठचा जुना भाग रंगवून, दिवे लावून नव्याने खुला केला. आता तिथे संध्याकाळी जुन्या काळचे पोशाख भाड्याने घेऊन मुलंमुली फोटो काढतात.

पहिल्याच रविवारी आम्ही तिथे गेलो. बायको, सासूबाई आणि मी इमारतींच्या पुढच्या बाजूला उभे राहिलो. अप्पा मागच्या बाजूला गेले.

"दर्शनी भाग सगळेच नीट बांधतात," ते म्हणाले. "माणूस कळतो तो मागच्या पन्हळीवरून."

त्यांचा हा मार्ग प्रवाशांच्या नकाशात नाही. जालान राजावालीवरच्या सिगारच्या आकाराच्या मनोऱ्याकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही, पण त्याच्या पायाशी फुटपाथच्या कडेची जाळी पानांनी बुजलेली आहे हे डायरीत लिहिलं. कोपऱ्यावर एका कंपनीची इमारत आहे, दाराशी पंख असलेले दोन सिंह बसलेले. लोक तिला गेदुंग सिंगाच म्हणतात. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला नेदरलँड्सचा मोठा वास्तुकार बेर्लाखे याने एका विमा कंपनीसाठी तिचा आराखडा केला. मी आदल्या रात्री वाचून ठेवलेलं सगळं सांगून टाकलं, आणि शेवटी हेही की बेर्लाखे स्वतः या बेटांवर पहिल्यांदा आला तो 1923 साली, म्हणजे इमारत उभी राहून वीसेक वर्षं झाल्यावर.

अप्पा जागच्या जागी थांबले.

"म्हणजे जागा न बघता नकाशा काढला?"

"हो."

"मंत्रालय," अप्पा म्हणाले. एवढंच. मग बराच वेळ त्या सिंहांकडे बघत राहिले. मला वाटलं, निदान शिल्पाने तरी त्यांना जिंकलं. "पंख आणि पाठ यांच्या मध्ये बघा," ते म्हणाले, "तिथे पाणी साठणार. डास होणार. पाठीला एक भोक ठेवायला हवं होतं."

सासूबाई तोवर पलीकडच्या गाडीवरून शहाळं घेऊन आल्या होत्या. अप्पांच्या पाहणीत त्या सहसा पडत नाहीत. लग्नानंतर महाबळेश्वरला गेले तेव्हा अप्पांनी तिथल्या विश्रामगृहाच्या चिमणीची तपासणी केली होती, आणि खानसाम्याने घाबरून तीन दिवस यांना फुकट जेवण दिलं होतं. तेव्हापासून त्यांनी बाजूला उभं राहून काहीतरी खायची सवय लावून घेतली आहे.

अप्पांना कौतुक करताच येत नाही असं मात्र समजू नये. कौतुक ते करतात, फक्त ते तक्रारीसारखं ऐकू येतं. जुनी जावाश बँक, हिची 1912 सालची इमारत आता संग्रहालय आहे. तिच्या तळघरात नोटा आणि सोनं ठेवायच्या तिजोऱ्या, आणि तिजोरीच्या भोवतीच्या बोळाच्या कोपऱ्यांत आरसे, म्हणजे पहारेकऱ्याला एका जागी उभं राहून वळणापलीकडचं दिसावं. बाकीचे लोक आरशांत आपले फोटो काढत होते. अप्पांनी भिंतीला तळहात लावला. मग हाताची मागची बाजू लावली. मग खाली वाकून जोत्याजवळ वास घेतला. नदी इथून हाकेच्या अंतरावर, आणि जमिनीखालची खोली.

"ओल नाही," अप्पा म्हणाले. आवाज जवळजवळ दुखावलेला होता. "लोणापण नाही." पहाऱ्यावरच्या माणसाने मला हळूच विचारलं की वडिलांना बरं वाटतंय ना. मी म्हटलं, इंजिनीयर आहेत. तो म्हणाला, अच्छा, आणि खुर्ची घेऊन आला. त्या खुर्चीवर चढून अप्पांनी वरचा झरोका बघितला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्यापेक्षा ते या इमारती जास्त नीट बघत होते. मी शैली बघत होतो, म्हणजे कुठला मनोरा कुठल्या काळातला, कमान गोल की टोकदार. अप्पा इमारत आणि हवा यांचं भांडण बघत होते. रस्त्याकडच्या बाजूला आधी ओटी काढायची आणि खरी भिंत तिच्या सावलीत आत ठेवायची, म्हणजे ऊन भिंतीला लागत नाही. दारांच्या वर जाळीचे झरोके ठेवायचे, म्हणजे दार लावलं तरी वारा फिरतो. खिडक्यांना झिलमिल्या, छप्पर उंच, वळचण पुढे काढलेली. डचांनी पहिली काही वर्षं आपल्या थंड देशातली घरं इथे आणून बसवली आणि त्यात घामाघूम होऊन आजारी पडले. मग जावाच्या लोकांकडे बघून शहाणे झाले, असं अप्पांचं म्हणणं. महापालिकेची इमारत आणि काली मासवरचा गुबेंगचा पूल बांधणारा कोस्मान सित्रून हा त्यांना शहाण्यांपैकी वाटला. महापालिकेची इमारत 1927 पर्यंत पुरी झाली. तिच्या सज्ज्यांच्या खालून चालताना अप्पा दोनदा म्हणाले, "हा माणूस पावसात उभा राहिलेला आहे." त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

तुंजुंगान हा सुराबायाचा जुना बाजाररस्ता. तिथल्या सिओला इमारतीत एकेकाळी व्हाइटअवे लेडलॉ या इंग्रज कंपनीचं दुकान होतं, हे ऐकून ते खूश झाले. मुंबईत दादाभाई नौरोजी रोडवर खादी भांडाराची म्हणून ओळखली जाणारी जी इमारत आहे ती मूळची याच कंपनीची. "तिच्या गच्चीचं मला माहीत आहे," अप्पा म्हणाले. काय माहीत आहे ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्याच रस्त्यावर हॉटेल माजापाहित. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलवाल्या सार्कीस कुटुंबाने 1911 साली ते ओरान्ये नावाने उघडलं. 19 सप्टेंबर 1945 ला त्याच्या छतावर डचांनी पुन्हा आपला लाल-पांढरा-निळा झेंडा चढवला, तेव्हा शहरातली पोरं वर चढली, झेंड्याची निळी पट्टी फाडून काढली आणि उरलेला लाल-पांढरा झेंडा, म्हणजे इंडोनेशियाचा, पुन्हा फडकवला. ही गोष्ट सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. माझ्या बायकोच्याही आला. अप्पा रस्त्याच्या पलीकडे जाऊन मान वर करून उभे राहिले.

"शिडी लावली होती का?"

"लावली असावी, अप्पा."

"असावी काय? गच्चीला बाहेरून जिना नाही. क्रांती करायची तरी चढणार कुठून, याचा विचार कुणीतरी केलाच असणार. त्या माणसाचं नाव कुठे लिहिलेलं नाही." यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि अजून सुचलेलं नाही.

खरा प्रसंग घडला तो लाल पुलाजवळ, इंटरनात्सियोच्या इमारतीपुढे. ही एका डच व्यापारी कंपनीची कचेरी. 25 ऑक्टोबर 1945 ला ब्रिगेडियर मॅलबीच्या हाताखाली 49 वी हिंदी ब्रिगेड सुराबायाला उतरली. जपान्यांनी डांबलेल्या कैद्यांची सुटका करायची, असं शिपायांना सांगितलेलं. शहराला मात्र यांच्या पाठोपाठ डच परत येणार हे दिसत होतं. ब्रिगेडच्या लहान लहान तुकड्या शहरभर विखुरल्या होत्या, आणि 28 तारखेला सगळं शहर त्यांच्यावर तुटून पडलं. इंडोनेशियाचे नेते सुकार्णो आणि हट्टा यांनी स्वतः येऊन लढाई थांबवली. पण 30 च्या संध्याकाळी याच चौकात, याच इमारतीसमोर मॅलबी आपल्या मोटारीत मारला गेला. मग इंग्रजांनी निर्वाणीचा इशारा दिला, आणि 10 नोव्हेंबरला जमिनीवरून, समुद्रातून आणि आकाशातून शहरावर मारा सुरू झाला. तो दिवस इंडोनेशियात वीरांचा दिवस म्हणून पाळतात.

चौकात इतिहासप्रेमी पोरांचा एक गट होता, त्या काळच्या खाकी कपड्यांत, कपाळाला लाल-पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या. त्यांच्यातला एक चुणचुणीत मुलगा आम्हाला हात हलवून हलवून सगळं सांगत होता. अप्पांचं लक्ष छताच्या कठड्याकडे. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आणि या इमारतीत होते गुरखे."

हे इथे सगळेच म्हणतात. हिंदी शिपाई म्हणजे गुरखा, असं इथल्या बोलण्यात आणि पुस्तकांत पक्कं बसलेलं आहे. पण आदल्या रात्री मी अप्पांना सांगितलं होतं की त्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या, आणि मॅलबी पडला त्या संध्याकाळी या इमारतीत होती ती सहाव्या बटालियनची एक कंपनी, मराठ्यांची. अप्पा कठडा सोडून गर्रकन वळले.

"त्याला सांगा, गुरखे नव्हते. मराठे होते. आमच्या रत्नागिरीचे, साताऱ्याचे. बेळगावच्या सेंटरचे!"

मी सांगितलं. मुलगा थबकला. सगळा गट जवळ आला.

"म्हणजे यांचे लोक?" मुलाने विचारलं.

"आमचे!" अप्पांची छाती पुढे आली. भाषा कळत नसली तरी प्रश्न कळला होता.

"आमच्यावर गोळ्या झाडणारे?"

मी भाषांतर केलं. अप्पांची छाती आहे तिथेच राहिली, पण चेहरा तिला सोडून गेला. त्यांनी इमारतीकडे बघितलं. नदीकडे बघितलं. सासूबाईंकडे बघितलं, त्या शेंगदाणे खात होत्या आणि त्यांच्याकडून मदतीची आशा नव्हती. शेवटी चाळीस वर्षांच्या सरकारी नोकरीने जे शिकवलं ते त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"त्याला सांगा, वरून ऑर्डर होती."

मी सांगितलं. पोरं क्षणभर गप्प झाली आणि मग एवढी हसली की पुलावरचे लोक वळून बघायला लागले. त्या मुलाचे वडीलही सरकारी नोकर निघाले. अप्पांना तेवढ्याने भागलं नाही. त्यांनी मला आणखी दोन मुद्दे सांगायला लावले: की इंडोनेशियाविरुद्ध हिंदी फौज वापरायला नेहरूंनी तेव्हाच जाहीर विरोध केला होता, आणि काही हिंदी शिपाई तर पलटण सोडून या लोकांच्या बाजूने लढले. "नोंदीत दोन्ही बाजू यायला हव्यात," ते म्हणाले. मग पोरांनी अप्पांना मध्ये घेऊन फोटो काढला. एकाने आपली लाकडी बंदूक त्यांच्या हातात दिली. फोटोत अप्पांनी ती ओळंब्यासारखी सरळ धरलेली आहे.

तिथून जवळच वीरांचा स्तंभ, तुगू पहलावान. त्याची उंची 41.15 मीटर आहे असं मी म्हटल्यावर अप्पांनी मान डोलावली. "पंधरा सेंटिमीटरसुद्धा धरलेत. आपल्याकडे 'सुमारे' लिहून मोकळे झाले असते."

काठाची सगळी ठिकाणं काही अशी रंगली नाहीत. आम्पेल मशिदीच्या गल्लीत खजूर आणि अत्तरांची गर्दी होती. अप्पांना गर्दीत वरचं दिसत नाही, म्हणून ते लवकर बाहेर आले. पनेलेहच्या गल्लीतल्या ज्या घरात चळवळीतले नेते चोक्रोआमिनोतो यांनी शाळकरी सुकार्णोला ठेवून घेतलं होतं तिथे त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की माळ्यावर राहणारी पोरंच पुढे देश चालवतात, कारण गळतं कुठे ते त्यांना आधी कळतं. सासूबाईंचं मन रमलं ते जोको दोलोग या मूर्तीपाशी. दगडी बुद्धमूर्ती, बैठकीवर 1289 सालचा संस्कृत लेख, पुढे ताजी फुलं आणि उदबत्ती. त्यांनी चप्पल काढून नमस्कार केला आणि विचारलं, "इथलाच हा?" दुसरीकडून उचलून आणलेला आहे, असं मी सांगितल्यावर म्हणाल्या, "मग आपल्यासारखाच. लेकीकडे आलेला."

मूर्तीच्या समोरच ग्राहादी हा गव्हर्नरचा सरकारी वाडा. 1795 साली डचांनी बांधला तेव्हा त्याचं तोंड काली मासकडे होतं. साहेब लोक मागे रेलून होड्या बघत बसत. मग काही वर्षांतच तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि नदी परसात गेली. हे ऐकल्यावर अप्पा एवढे चिडले की मला वाटलं, आत जाऊन अर्ज देतात. "नदीकडे पाठ केली की लोक तिच्यात केर टाकतात," ते म्हणाले. "आमच्याकडे बाजारपेठेने हेच केलं." संध्याकाळी काली मासमधून होडीत बसवलं तेव्हा बाकीचे प्रवासी काठावरचे रंगीत दिवे बघत होते. अप्पा होडीवाल्याकडून बांबू मागून घेऊन तळाचा गाळ मोजत होते.

गुन्हा एकट्याने केलेला बरा असतो, पण पाहणीला सोबत लागते. अप्पांची सोबत आमच्या गल्लीतच होती, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

इथे गल्लीतले लोक अधूनमधून रविवारी सकाळी एकत्र येऊन गटारं साफ करतात. केर्जा बाक्ती म्हणतात त्याला. घरटी एक माणूस, फावडं आणि टोपली, मग सगळ्यांना तळलेली केळी आणि कॉफी. मी दरवेळी जातो आणि दरवेळी फावडं धरून उभा राहतो. त्या रविवारी माझ्याऐवजी अप्पा गेले. थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेलो, तर अप्पा आणि आमच्या पलीकडच्या घरातले पाक (वडीलधाऱ्या पुरुषाला इथे पाक म्हणतात) हे दोघं गल्लीच्या तोंडाशी, मोरीच्या दोन बाजूंना, गुडघ्यावर बसून एकाच भोकात बघत होते. पाकांच्या ओठात लवंगेची सिगारेट, अप्पांच्या हातात बॅटरी. दोघांमध्ये एकही भाषा समान नव्हती आणि जोरदार वाद चालला होता.

पाक महापालिकेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. माझ्या शेजारी ते पाच वर्षं राहतात आणि मला फक्त एवढंच माहीत होतं की माझ्याकडे आले की ते आधी वर बघतात.

"त्यांना विचारा," अप्पा म्हणाले, "मोरीचा उतार नदीकडे आहे तर पाणी इकडे का येतं?"

मी विचारलं. पाकांनी बांबूच्या टोकाने चिखलात रेघ ओढली. ही नदी, हा समुद्र, ही भरती. भरतीला समुद्र वर येतो, नदी थांबते, गल्लीतलं पाणी जाणार कुठे? म्हणून शहरभर पंपघरं. उत्तरेला मोरोक्रेम्बांगानला मोठं साठवण तळं आहे, डच तंत्राचं, त्याला अजून डच शब्दानेच बोजेम म्हणतात. पाणी तिथे साठवायचं आणि मग पंपाने समुद्रात टाकायचं.

अप्पांनी बांबू हातात घेतला. शेजारी त्यांनी वाशिष्ठी काढली. दाभोळची खाडी काढली. वर सह्याद्री, पलीकडे कोयना. कोयनेचं वीज तयार करून झालेलं अवजल बोगद्यातून आमच्या नदीत येतं, म्हणजे पाऊस आमचा आणि पाणी दुसऱ्याचंही, हे त्यांनी मला पाकांना समजावून सांगायला लावलं. पाकांनी मान हलवली. हे काहीच नाही, असा भाव. त्यांनी ब्रांतासच्या वरच्या अंगाला एक त्रिकोण काढला आणि त्यातून धूर काढला. केलुद. हा ज्वालामुखी 2014 साली फुटला, त्याआधीही कितीदा फुटला, आणि त्याची राख आणि वाळू वर्षानुवर्षं नदीतून खाली उतरत राहते. आमचा गाळ आकाशातून पडतो, पाक म्हणाले.

अप्पा गप्प झाले. आयुष्यभर गाळाबद्दल बोलताना त्यांना कुणी हरवलेलं नव्हतं. त्यांनी त्या त्रिकोणाकडे बघितलं, आणि मग एकदम पाकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि गाळ काढायचं कंत्राट?"

"कोन्त्राक्तोर!" पाक म्हणाले, आणि गटारात थुंकले.

यानंतर माझी गरज उरली नाही. दर किती, टेंडर कुणाला, ट्रक मोजायचे कसे, एकच ट्रक तीनदा कसा मोजतात, हे सगळं खुणांनी झालं. रुपियातल्या शून्यांमुळे अप्पा एकदा गोंधळले, पण पाकांनी दोन शून्यं पायाने पुसली आणि आकडा ओळखीचा झाला. कॉफी आली, गार झाली. सासूबाईंनी दारातून बघितलं आणि आत गेल्या.

रात्री कोपऱ्यावर ताहू तेकवाला आला. ताहू म्हणजे टोफू, तो तळून कात्रीने कापतात. त्या कात्रीच्या आवाजावरूनच नाव पडलं म्हणतात. वर पतीस नावाचा कोळंबीचा काळा घट्ट रस. पहिल्या घासालाच सासूबाईंना सोड्यांची आठवण झाली आणि त्यांनी गाडीवाल्याला मराठीत कृती विचारली. त्याने जावानीजमध्ये सांगितली, आणि दोघांनाही समजल्यासारखं दिसलं. अप्पा जेवायला आले नाहीत. पाकांच्या घराच्या माळ्यावर दोन बॅटऱ्या फिरताना दिसत होत्या. पाकांच्या बायकोने मला हाक मारून विचारलं, "तुमचे सासरे अजून किती दिवस आहेत?" मी आकडा सांगितला. तिने कपाळाला हात लावला की देवाला हात जोडले, अंधारात नीट दिसलं नाही.

पुढच्या रविवारी ब्रोमोला जायचं होतं. गाडी ठरली होती, पहाटेचे स्वेटर बाहेर काढले होते. सकाळी उठून बघतो तो अप्पांच्या चपला नाहीत, ओळंबा नाही, आणि पाकांची स्कूटरही नाही. मोरोक्रेम्बांगानच्या पंपघरातला पाकांचा जुना हाताखालचा माणूस सकाळच्या पाळीला असतो, असं त्यांच्या बायकोकडून कळलं. मी फोन लावला. मागे पंपांचा मोठा घरघराट, आणि त्यावरून अप्पांचा आनंदी आवाज: "जावईबापू, इथे पाच पंप आहेत आणि दोन बंद! तुम्ही जेवून घ्या!"

मी फोन ठेवला. सासूबाई तयार होऊन सोफ्यावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन.

"दोघंही सापडले ना एकमेकांना?" त्या म्हणाल्या. "चला तर मग. आता मला सुराबाया दाखवा."